पुढच्या डिकीची पिशवी

चौकातला दिवा लाल झाला आणि ताईनं ब्रेक दाबला. फार जोरात नाही. पण वीस वर्षांत ज्या पायानं गाडीचा ब्रेक पाहिला नव्हता त्याला अंदाज कुठला असायला. गाडी थांबली, आणि गाडीतली एक वस्तू तेवढी थांबली नाही. सीटांच्या मागं जी वीतभर रुंदीची फळी होती, तिच्यावर ठेवलेली पाण्याची स्टीलची बाटली दोघांच्या मधून सुसाट आली, ताईच्या कोपराला चाटून गिअरच्या दांड्यावर ठण्णकन आदळली आणि गुंड्याच्या पायाशी जाऊन गडगडत राहिली.

"घ्या," गुंड्या म्हणाला, "मी मागितलंसुद्धा नव्हतं पाणी."

ताई हसली नाही. दिवा हिरवा झाला, मागचे लोक भोंगे वाजवू लागले, एकजण खिडकीशी येऊन काहीतरी बोलून गेला, तरी तिचा हात गिअरकडे जाईना. बाटली लागली होती कोपराला आणि दुखू लागला होता खांदा, तोही तिचा नव्हे. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा, आईचा उजवा खांदा. तेव्हा गाडी वडिलांची होती. आई पुढच्या सीटवर, वर्षाचा गुंड्या तिच्या मांडीवर, आणि मागं नऊ वर्षांची ताई एकटी, शेजारी आईची लोखंडी इस्त्री. आई लोकांच्या घरी जाऊन शिवायची आणि इस्त्री आपलीच न्यायची. दुसऱ्याच्या इस्त्रीवर तिचा जीव बसत नसे. इस्त्रीचं टोक ताईच्या मांडीला टोचत होतं, म्हणून ताईनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवली. पुढं कुत्रं आडवं आलं. वडिलांनी ब्रेक दाबला. ताईच्या केसांवरून वाऱ्यासारखं काहीतरी गेलं, आणि गुंड्यावर ओणवी झालेली आई एकदाच "अगं" म्हणाली. हाड जुळलं, पण हात पुन्हा कानाच्या वर गेला नाही. वरच्या मांडणीवरचे डबे खाली आले, आरसा खाली आला, आणि ताई आपली वेणी आपण घालायला शिकली. ती इस्त्री कुणी वर ठेवली असं आईनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं ताईला वयाच्या प्रत्येक वर्षी एकदा तरी वाटून गेलं होतं.

"ताई, लोक शिव्या देतायत," गुंड्या म्हणाला.

"देऊ देत. ती बाटली मांडीत घे. घट्ट धर." तिनं गिअर टाकला.

गुंड्या हा तिचा धाकटा भाऊ. लहानपणी आईच्या डब्यातली एक गुंडी गिळून बसला, तेव्हापासून त्याचं हेच नाव. पंचवीस वर्षं त्यानं शहरातल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. दोरखंडाच्या नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, कोणत्या मजल्यावर काय घासतंय. मग डोळ्यांच्या कडा काळ्या होऊ लागल्या. आता जग त्याला नळीतून पाहिल्यासारखं दिसत होतं, मधलं तेवढं लख्ख, आणि ती नळी वर्षागणिक बारीक होत होती. दुसऱ्या गावात एक प्रशिक्षण केंद्र होतं. दृष्टी जाणाऱ्यांना तिथं यंत्रं हातानं उघडायला, हातानंच जुळवायला शिकवत. वर्षभराचा अभ्यास, जागा बारा, आणि येत्या सोमवारी दुपारी बारापर्यंत जो हजर नसेल त्याची जागा यादीतल्या पुढच्याला जाणार. गुंड्याचं नाव यादीत लागलं त्या दिवशी तो खूप वेळ जिन्यातच बसून राहिला होता. मग वर येऊन म्हणाला, "जाईन. पण माझी हत्यारं येतील तर. तिथल्या हत्यारांची आणि माझ्या हातांची ओळख नाही. आणि जायचं ते माझ्या गाडीतून. चालव तू. पण जोवर दिसतंय तोवर एकदा मला लांबचा रस्ता बघू दे."

आता ही त्याची गाडी. डोळे चांगले होते तेव्हा हौसेनं घेतलेली, जुनीच, बुटकी, दोन माणसांची. इंजिन पुढं नाही, मागं नाही. ऐन मध्ये, सीटांच्या पाठीला पाठ लावून बसलेलं. नातेवाइकांनी तेव्हा पोटभर हसून घेतलं होतं. आत्या म्हणाली होती, "माणसं दोन ते कळलं रे. पण सामान? ते काय तुमच्या मागून चालत येणार?" तसं पाहिलं तर सामानाला जागा होती. पुढं बॉनेटखाली एक खळगा, मागं इंजिनाच्या पलीकडं एक खण, आणि सीटांमागची ती फळी. गुंड्याची हत्यारांची पेटी लोखंडी, भरली म्हणजे बावीस किलो. मागचा खण तिला उथळ पडायचा, आणि पुढं पाहावं तर पेटी चौकोनी आणि खळगा वाकडा. दोघांचं काही जमेना.

"एवढी काय काळजी? फळीवर टाकू की," गुंड्या त्या सरावाच्या फेरीवरून घरी आल्यावर म्हणाला. "दोरीनं बांधू."

"नाही."

"अगं, पाच तासांचा तर रस्ता."

"गुंड्या, त्या गाडीत एक टाचणीसुद्धा सुटी जाणार नाही. तुझी हत्यारं येतील, तू येशील, बाराच्या आत येशील. पण फळी रिकामी राहील."

ती हे अगदी शांतपणे म्हणाली. ताईनं तीस वर्षं एका कारखान्यात पिशव्या शिवल्या होत्या. शाळेची दप्तरं, टपालाच्या झोळ्या, छायाचित्रकारांच्या पेट्या. जगातल्या कुठल्याही वस्तूकडं पाहिलं की तिला आधी दिसायचं, हिला शिवण कुठून येईल. आणि गाडीच्या त्या वाकड्या खळग्याकडं, बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून ती पाहत राहिली तेव्हा तिला पहिल्यांदाच वाटलं की तीस वर्षं आपण बहुधा याचीच तयारी करत होतो. जागेला सामान बसत नसेल तर सामानाला जागेचा अंगरखा शिवायचा.

आधी तिनं उष्णता पाहिली. धागा ओढून घ्यायच्या मेणाचे दोन खडे घेतले, एक पुढं ठेवला, एक मागं, आणि गुंड्याला शेजारी बसवून तासभर शहराबाहेर फिरून आली. या वेळी पाय सावकाश पडला. परत येऊन पाहिलं तर पुढचा खडा जसाच्या तसा, गारच. मागचा वर्तमानपत्रावर पसरून बातमीत मुरून गेलेला. शेजारी इंजिन म्हणजे मागची डिकी चुलीच्या कडेसारखी. "तुझे डोळ्यांचे थेंब पुढं," ती म्हणाली, "कपडे मागं. कपड्यांना ऊब लागली तर बिघडत नाही." गुंड्यानं त्या बातमीवरचं मेण नखानं खरवडलं आणि वाचलं, डोळ्याशी धरून, एकेक शब्द नळीत घेत. मग म्हणाला, "हवामान कोरडं राहील म्हणे." कधीची बातमी होती कुणास ठाऊक.

मग खळग्याचं माप. एका अंगाला बॅटरीची पेटी आणि ब्रेकच्या तेलाचं भांडं, ती बाजू उथळ. दुसरी बाजू खोल, तळाशी निमुळती. ताईनं जुने कागद आत दाबून, कडांवर नख ओढून, एकेक भिंत कागदावर उतरवून घेतली. प्रत्येक कागदावर बाण काढला, "वर" असं लिहिलं. जड ते तळाशी आणि मधल्या बाजूला, दोन पान्ह्यांमध्ये कापड, म्हणजे लोखंड लोखंडाला लागणार नाही, वर हलकं, आणि पिशवी अशी की झाकण पडलं म्हणजे तिला हलायला बोटभरही मोकळीक नको. ती शिवणखोलीत कापत बसली की गुंड्या दाराला टेकून उभा राहायचा. टेबलावर आईची तीच इस्त्री कागदावर दाब म्हणून ठेवलेली असायची. गेली कित्येक वर्षं तिचं काम तेवढंच. ताई तिला रोज उचलायची, रोज खाली ठेवायची, आणि ठेवताना दर वेळी हात लावून पाहायची, नीट बसली ना. शिवताना तिच्या तोंडात आईचं गुणगुणणं यायचं. आईला शिवताना ओव्या जुळवायची खोड होती, कधी लिहून ठेवल्या नाहीत, टीप संपली की ओवी संपली. एवढी एकच ताईकडं उरली होती:

सुई गं पुढं जाई, दोरा मागून मागून येई,
माझ्या बाळांचं ओझं, बाई, वाटेत हलकं होई.

"त्यात माझं नाव नाही," गुंड्या दारातून म्हणायचा.

"तू तेव्हा ओझ्यातच होतास."

अस्तराला तिनं आईच्या खोलीचा जुना पडदा घेतला. पिवळा, जाडसर, त्यावर निळी पानं. आईची आठवण वगैरे म्हणून नव्हे, त्याचं विणकाम घट्ट होतं आणि लोखंडाला तेच टिकलं असतं. असं ती स्वतःला सांगत होती. बाहेरून करडा कॅनव्हास. चेन लावली नाही, चेन तुटते. तोंडाला जाड दोरी, आवळली की गाठ.

रविवारी दुपारी पिशवी झाली. दोघांनी मिळून ती खाली नेली, बॉनेट उघडलं, ताईनं ती आत सोडली. पिशवी बसली नाही. ताईनं फिरवून पाहिली, तिरकी करून पाहिली, दाबून पाहिली. पिशवीचा खोल भाग बॅटरीवर येत होता आणि उथळ भाग खळग्यावर तरंगत होता. मग तिच्या लक्षात आलं. कॅनव्हास टेबलावर पालथा पसरलेला होता, आणि तिनं कागद मात्र लिहिलेली बाजू वर ठेवून कापला होता. डाव्याचं उजवं झालं होतं. सगळी मापं बिनचूक, अर्ध्या बोटाचाही फरक नाही, आणि सगळी पिशवी आरशातली. तीस वर्षांत ही चूक तिच्या हातून झाली नव्हती, कारण तीस वर्षांत व्हायला वावच नव्हता. दप्तर डावीकडून जसं तसंच उजवीकडून.

"बसली का?" गुंड्यानं विचारलं. तो खळग्याकडं नव्हे, तिच्या तोंडाकडं नळी लावून पाहत होता.

"नाही."

"कितीनं?"

"कितीनं नाही. उलटी शिवलीय मी. आरशातली."

त्यानं पिशवीच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. मग, फार जपून, म्हणाला, "ताई, एक बोलू? फळीवर..."

"फळीचं नाव काढू नकोस."

"मग हत्यारं राहू देत. मी असाच जातो."

"असाच कसा जाशील? तू म्हणालास हत्यारांशिवाय जाणार नाही."

"तेव्हा म्हणालो. आता नाही म्हणत." आणि तो हसला, लिफ्ट मध्येच अडकली म्हणजे आतल्या लोकांना बाहेरून धीर द्यायला जसं हसायचा तसं. ते हसू ताईला सहन झालं नाही. तिला कळत होतं, की हत्यारं राहिली तर हा जाईल, बारा वाजता हजर होईल, आणि आठवड्याभरात परत येईल, तिथं माझे हात चालत नाहीत म्हणून. आणि मग खिडकीशी बसून राहील, नळी मिटेपर्यंत. कापड संपलं होतं. रविवारी कारखाना बंद, दुकानं बंद. ती पिशवी घेऊन वर आली आणि टेबलाशी बसली. समोर इस्त्री. तिनं इस्त्रीवर हात ठेवला, गार. मनात काही नव्हतं, नुसत्या रिकाम्या वस्तू एकामागून एक येत होत्या, जिन्याचा कठडा, वडिलांच्या गाडीच्या सीटचा उन्हात तापलेला वास, आत्याचं हसणं, शाळेचं फाटक, फाटकाशी हरवलेला एक हातमोजा. उजवा. एकच घेऊन ती रडत घरी आली होती. त्याआधीच्या वर्षी डावा हरवला होता की उजवा? उजवाच. म्हणजे घरात दोन मोजे, दोन्ही डावे. आईनं एक घेतला, उजवा हात वर जात नव्हता म्हणून त्या हातानं मोजा मांडीवरच दाबून धरला, आणि डाव्या हातानं झटक्यात उलटा केला. शिवण बाहेर, बोटं आतली बाहेर. "घाल," म्हणाली. ताईनं घातला. बसला, उजव्या हातात, चपखल. "उलटा केला की डाव्याचा उजवा होतो," आई म्हणाली होती, "पण मग शिवण लोकांना दिसते. दिसू दे."

ताई उठली. तिनं पिशवीच्या तोंडात दोन्ही हात खांद्यापर्यंत घातले, तळ धरला, आणि आतलं बाहेर ओढलं. करडी पिशवी नाहीशी झाली आणि टेबलावर पिवळी पिशवी उभी राहिली, निळ्या पानांची, सगळ्या शिवणी वर आलेल्या, जखमेच्या वणासारख्या. पिशवी उचलायची मूठ आता आत गेली होती. ती उसवून बाहेर लावली. दोरीची भोकं पुन्हा बांधून घेतली. सुट्या कडांवर पट्टी शिवली, दुहेरी टिपेनं. दिवेलागणीला दोघं पुन्हा खाली गेले. पिशवी खळग्यात उतरली. थोडी अडली, मग स्वतःच्याच वजनानं खाली सरकली आणि बसली. ताईनं एकेक पान्हा कापडात गुंडाळून दिला, गुंड्यानं बोटांनी ओळखून आत लावला, मोठे तळाशी, पक्कड मधे, बारीकसारीक वर. सगळ्यांत वर डोळ्यांचे थेंब, लोकरीच्या मोज्यात. बॉनेट पडलं. ताईनं गाडीचं नाक धरून गदागदा हलवलं. कुठं खुट्ट वाजलं नाही.

सोमवारी सकाळी सहाला निघाले. मागच्या डिकीत कपडे आणि बूट, पट्ट्यांनी जखडलेले, बाटली गुंड्याच्या मांडीत, फळी रिकामी. गाडी जमिनीला इतकी लागून होती की रस्ता पायाखालून नव्हे, मांडीखालून जातो आहे असं वाटत होतं. पाठीला इंजिन, मोठ्या शिवणयंत्रासारखं एका लयीत. गुंड्या रस्ता बघत होता. बघत होता म्हणजे मोजून घेत होता. मान हळूहळू फिरवायचा, एक झाड, एक पूल, एका भिंतीवर वाळत घातलेली चादर, आणि प्रत्येकाशी थोडा थांबायचा. "केवढं ते आभाळ," एकदा म्हणाला. "तुम्हा लोकांना हे सगळं एकदम दिसतं?" ताईनं हो म्हटलं आणि मग तिलाच वाटलं, आपण कुठं पाहिलं होतं एकदम.

पावणेदहाच्या सुमारास पुढच्या मालट्रकवरून एक फळकुट घसरलं. रस्त्यावर उभं उसळलं आणि आडवं झालं. ताईचा पाय आपोआप गेला, पूर्ण, तळापर्यंत. टायर किंचाळले, पट्टे छातीत रुतले, आणि गाडी फळकुटापासून हातभर अंतरावर थांबली. ताईनं डोळे मिटले. मान आत ओढून घेतली. ती वाट पाहत होती, केसांवरून जाणाऱ्या त्या वाऱ्याची. इंजिन बंद पडलं होतं. पुढं काही नाही, मागं काही नाही. फक्त गुंड्याच्या मांडीतल्या बाटलीत पाणी डुचमळत होतं, तेही थांबलं.

"काही हललं?" गुंड्यानं विचारलं.

"नाही."

"मग तू रडतेस का?"

ट्रकवाला उतरून फळकुट ओढत होता, हातानं माफी मागत होता. ताईनं समोर बघतच सांगितलं. इस्त्री मी ठेवली होती वर, फळीवर. माझ्या मांडीला टोचत होती म्हणून. आईचा हात माझ्यामुळं गेला. इतकी वर्षं कुणाला बोलले नाही. शब्द थोडेच होते. बोलून झाल्यावर तिला आश्चर्य वाटलं, एवढ्याशा जागेत हे मावत होतं तर.

गुंड्यानं मान तिच्याकडं वळवली. "आई मला म्हणाली होती," तो म्हणाला, "तिचे शेवटचे दिवस होते तेव्हा. म्हणाली, पोरीला टोचत होती, ती कुरकुरत होती, मीच मागं न बघता म्हटलं, ठेव जा वर. म्हणाली, ताईला वाटतं तिनंच ठेवली. तू विषय काढू नकोस, तिला वाईट वाटेल. म्हणून नाही काढला."

ताई आठवू लागली. इस्त्रीचं वजन आठवलं, मूठ आठवली, सीटचा वास आठवला. "ठेव जा वर" आठवेना. असेलही. किंवा नसेल, आणि आईनं जाता जाता ते ओझं उचलून स्वतःकडं घेतलं असेल, त्याच वर न जाणाऱ्या हातानं. विचारायला आता कुणी नव्हतं. आणि बाराला सव्वादोन तास होते. तिनं नाक पुसलं, किल्ली फिरवली, पाठीमागं यंत्र पुन्हा लयीत आलं.

"गाढवा," ती म्हणाली, "मला वाईट वाटेल म्हणून?"

"आता ती म्हणाली तसं केलं मी."

केंद्राच्या दारात पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. नोंदवहीवाल्या बाईंनी नाव लिहून घेतलं आणि खोली दाखवली. एक खाट, एक टेबल, एक खिडकी. ताईनं मागची डिकी उघडली. कपडे उबदार निघाले, नुकतीच इस्त्री फिरवल्यासारखे. तिनं एक सदरा गालाला लावला आणि घडी मोडायच्या आत खाली ठेवला. थेंबांची कुपी गार होती. शेवटी पिशवी आणली. खोलीच्या मधोमध टेबलावर ठेवली, पिवळीधमक.

गुंड्यानं तिच्यावर हात ठेवला आणि थांबला. मग डोळे मिटले, मुद्दाम. बोटं एका शिवणीवर चढली, तिच्यावरून चालत खाली गेली, वळली, खोल भागाशी पोचली. तिथून दुसरी शिवण धरून वर आली. "हे मोठे पान्हे," तो म्हणाला. "इथं पक्कड. ही उथळ बाजू, इथं बारीक सामान." डोळे न उघडता दोरी सोडली, हात घातला आणि नेमकी पक्कड बाहेर काढली.

"लोकांना शिवणी दिसतील," ताई म्हणाली. "चुकून झालंय ते. पुढच्या खेपेला नीट शिवून आणते."

"मुळीच नको. सापडतंय मला हिच्यात." त्यानं पक्कड परत जागेवर ठेवली. "पुढच्या खेपेला कपड्यांचीपण उलटी करून आण."

ताई बाहेर आली. गाडी उन्हात उभी होती, हलकी, बुटकी. आत बसली तर शेजारच्या सीटवर बाटली राहिलेली. ती परत द्यायला उठली, मग बसली. तहान तिलाही लागली होती आणि रस्ता लांब होता. घोटभर प्याली, बूच घट्ट लावलं. सवयीनं हात मागं फळीकडं गेला. तो तिनं तिथंच थांबवला. बाटली गुंड्याच्या जागेवर नीट उभी केली, तिला सीटचा पट्टा लावला, ओढून पाहिला, आणि मग गाडी चालू केली.